निळे हायड्रेंजिया घेण्याआधी हे वाचा

सिॲटलच्या आसपासच्या मराठी ग्रुपांवर दर वसंतात एक मेसेज फिरतो. मोठ्या काळ्या कुंड्यांत डवरलेले निळेशार हायड्रेंजिया, खाली दर, आणि शेवटी ‘आपलाच माणूस आहे, बिनधास्त घ्या’. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. पण त्याची पद्धत सविस्तर सांगते, म्हणजे उद्या तो दुसऱ्या नावाने आला तरी ओळखता येईल.

आम्ही सिॲटलच्या उत्तरेला मकिल्टिओला राहतो, प्युजेट साउंड या खाडीच्या पाण्यापासून जवळच. हायड्रेंजियाला इथली हवा मानवते. मोठ्या गोल गुच्छांची जी जात आपण सगळीकडे बघतो, ती मूळची जपानच्या किनारपट्टीची. तिला कडाक्याची थंडी नको, रणरणतं ऊन नको, माती आम्ल असली की उत्तम. हे सगळं इथे आयतं मिळतं. आमच्या गल्लीत कोणी बघतही नाही अशी पुरुषभर उंचीची झुडपं आहेत आणि जुलैत ती निळ्या फुलांनी वाकलेली असतात. तेव्हा फाटकापासून दारापर्यंतच्या सिमेंटच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पाच-पाच लावू, असं आम्ही ठरवलं.

२०२३ च्या मे महिन्यात, मदर्स डे होऊन गेल्यावरच्या आठवड्यात, तो व्हॅन घेऊन आला. गोड बोलणारा, कामाला चटपटीत. “वहिनी, हे निक्को ब्लू. पाच गॅलनचं झाड, तीन वर्षांचं. लावलं की विषय संपला. इथे पाऊसच एवढा, पाणी घालायचंही काम नाही.” (निक्को ब्लू ही मोठ्या निळ्या गुच्छांच्या हायड्रेंजियाची एक जात, आणि पाच गॅलन हे कुंडीचं माप.) लावणीसकट दहा झाडांचे साडेआठशे डॉलर. एक वर्षाची हमी, आणि वर सप्टेंबरमध्ये एकदा छाटणी फुकट. पैसे झेलने (Zelle, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यातून पैसे पाठवायची सोय) मागितले, तसे दिले.

या चार वाक्यांत किती खोटं होतं ते आता एकेक करून सांगते.

आधी पावसाचं. आपण मराठी माणसं पाऊस म्हटला की जून-जुलै धरतो. सिॲटलला पावसाचं शहर म्हणतात, पण वर्षभराचा पाऊस साधारण ३९ इंच. मुंबईला याच्या दुपटीहून जास्त पडतो. शिवाय तो पडतो ऑक्टोबर ते मार्च, रिपरिप. जुलैत आणि ऑगस्टमध्ये सरासरी महिन्याला इंचभरही नाही. म्हणजे हायड्रेंजियाला पाण्याची गरज सर्वांत जास्त तेव्हा इथे कोरडं असतं. पहिल्या उन्हाळ्यात तर आठवड्यातून दोन-तीनदा मुळाशी भरपूर पाणी घालावंच लागतं. इथे झाडं विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

जुलैत झाडं दुपारची माना टाकायला लागली. आम्ही पाणी घालत होतोच, तरी दोन गेली. त्यातलं एक उपटलं तेव्हा ‘पाच गॅलनच्या झाडा’चा उलगडा झाला. वरची सालीची भुकटी झडून गेली आणि आत मूद पाडावी तसा पीटचा, म्हणजे कुंडीत भरतात त्या शेवाळाच्या भुशाचा, जेमतेम ओंजळभर गड्डा, मुळं त्याच्याभोवती गोल गोल फिरलेली, बाहेर एकही मूळ गेलेलं नाही. फुलवाल्याकडच्या छोट्या कुंडीतलं रोप काढून मोठ्या कुंडीत ठेवलं होतं आणि कडेची जागा सालीने भरली होती. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, बाजूने वाहून जातं. आमचं पाणी नेमकं तसंच जात होतं. गड्डा मोडला तर मधे अक्षरशः कोरडी माती. त्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, “वहिनी, पाणी जास्त झालंय.” मे महिन्यात पाणी घालायचं कामच नव्हतं, जुलैत ते जास्त झालं.

अशी रोपं सुपरमार्केटमध्ये मदर्स डेच्या सुमारास वीस-पंचवीस डॉलरला मिळतात आणि सण उलटला की निम्म्या किमतीत काढून टाकतात. इथे उघड्यावर वाढलेला मोठ्या गुच्छांचा हायड्रेंजिया जूनच्या अखेरीस, जुलैत फुलतो. मे महिन्यात कुंडीत गच्च फुललेला दिसला तर तो काचघरात ऊब देऊन वेळेआधी फुलवलेला आहे, हे नक्की. अशी रोपं बागेत जगत नाहीत असं नाही. नीट जपली तर जगतात. पण ती तीन वर्षांची, मुळं धरलेली, बागेसाठी तयार केलेली झाडं नव्हेत, आणि पाच गॅलनच्या दराने तर मुळीच घेऊ नयेत.

आता छाटणीचं. सगळी गंमत, म्हणजे त्याची गंमत, इथे आहे.

या जातीच्या हायड्रेंजियाच्या पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरकडे, फांद्यांच्या टोकांशी धरतात. त्याच फांदीवर हिवाळा काढून त्या पुढच्या जुलैत फुलतात. सप्टेंबरच्या अखेरीला झाड कापलं तर पुढच्या वर्षीची फुलं त्या कचऱ्याबरोबर गेली. नव्या फांदीवर फुलणाऱ्या जाती वेगळ्या आहेत, ॲनाबेलसारख्या किंवा टोकदार शंकूसारखे तुरे येणाऱ्या. त्या कापल्या तरी चालतात. पण निक्को ब्लू म्हणून विकलेलं झाड मुळापासून फूटभर उंचीवर सपासप कापून टाकायचं, याला बागकामात काही कारणच नाही.

त्याच्याकडे मात्र कारण होतं. आमची उरलेली आठ झाडं त्याने ठरल्याप्रमाणे अगदी वेळेवर येऊन कापली. वर फांद्या स्वतःच्या व्हॅनमध्ये भरून नेल्या, केवढी तत्परता! पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, हिरवीगार पानं आली आणि एकही फूल नाही. फोन केला तर म्हणाला, पहिल्या वर्षी झाड मुळं धरतं, फुलं दुसऱ्या वर्षी. ऐकायला पटण्यासारखं आहे. आणि हमी मे महिन्यातच संपलेली. झाड कोणत्या रंगाचं आहे हे फूल आल्याशिवाय कळत नाही, आणि हमीच्या मुदतीत फूल येणारच नाही याची सोय ‘फुकट छाटणी’ने झाली होती. त्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा कात्री घेऊन यायला तयार होता. तोवर आम्ही मास्टर गार्डनरकडे जाऊन आलो होतो, म्हणून नको म्हटलं.

मास्टर गार्डनर म्हणजे विद्यापीठाच्या विस्तार विभागाने शिकवून तयार केलेले स्वयंसेवक. हा उपक्रम १९७० च्या दशकात याच वॉशिंग्टन राज्यात सुरू झाला आणि नंतर अमेरिकाभर पसरला. त्यांचा सल्ला फुकट असतो. झाडाची फांदी, फोटो घेऊन जायचं, बसून बोलतात. आमच्या फांद्या बघून त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “कधी कापलं?” सप्टेंबर म्हटल्यावर त्यांनी नुसता सुस्कारा टाकला.

२०२५ च्या जुलैत फुलं आली. पांढरी. आठच्या आठ.

त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतंच आणि ते सर्वांत हुशार होतं. “वहिनी, तुमच्या वाटेचं सिमेंट आहे ना, त्यातला चुना मातीत उतरतो. त्याने निळा रंग जातो. माझ्याकडे पावडर आहे.” यात अर्धं खरं आहे, म्हणून ते धोकादायक. हायड्रेंजियाचा निळा रंग मातीतल्या ॲल्युमिनियममुळे येतो. माती आम्ल असेल, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण साडेपाचच्या खाली, तर ॲल्युमिनियम विरघळतं, झाड ते शोषून घेतं आणि फुलातल्या रंगद्रव्याशी त्याचा मेळ बसून निळा रंग दिसतो. पीएच साडेसहाच्या वर गेला की ॲल्युमिनियम झाडाला मिळत नाही आणि तेच फूल गुलाबी होतं. मधे कुठेतरी जांभळं. इथल्या शतकानुशतकांच्या पावसाने मातीतला चुना धुऊन नेलेला आहे, म्हणून या भागात निळा आपोआप येतो. आणि हो, सिमेंटच्या पायाला लागून असलेलं झाड कधीकधी गुलाबीकडे झुकतं. गुलाबीकडे. पांढरं होत नाही. पांढऱ्या जातीत तो रंगच नसतो. तिच्या बुडाशी काहीही घाला, ती निळी होत नाही, फार तर जुनी होताना कडेला गुलाबी झाक येते. त्याची ‘पावडर’ म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. ती कुठल्याही बागेच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि जास्त झाली तर मुळं जाळते.

मग मे महिन्यातली ती निळी फुलं कुठून आली? पहिल्या वर्षीचे दोन गुच्छ मी वाळवून पुस्तकांच्या कपाटावर ठेवले होते. ते खाली काढून उलटे धरले. वरून निळ्या, मागून मळकट पांढऱ्या पाकळ्या. (शास्त्राने त्यांना पाकळ्या म्हणत नाहीत, पण ते राहू दे.) खऱ्या निळ्या हायड्रेंजियाची पाकळी मागूनही निळीच असते. मग डिलिव्हरीच्या दिवशीचे फोटो मोठे करून पाहिले: गुच्छाखालच्या हिरव्या देठावर निळे ठिपके, दोन पानांवर बारीक निळा फवारा. फुलवाले सजावटीसाठी वापरतात तो रंगाचा स्प्रे वरून मारलेला होता. माझा अंदाज असा की मदर्स डेनंतर उरलेली पांढरी रोपं तो स्वस्तात उचलतो आणि निळी रंगवून विकतो, कारण निळ्याला गिऱ्हाईक जास्त आणि रंगाचा डबा काही डॉलरचा.

ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन प्रकारची उत्तरं आली. काहींनी खासगीत कळवलं की त्यांच्याकडेही हेच झालं. आणि काहींनी जाहीरपणे लिहिलं की आम्हाला तर छान अनुभव आला, उगाच आपल्या माणसाचं नाव खराब करू नका. मी मागे जाऊन त्यांच्या शिफारशी वाचल्या. सगळ्या मे-जूनमधल्या. झाडं दारात आली, फुलं होती, माणूस वेळेवर आला, पाच तारे. फुलझाडाच्या विक्रेत्याची शिफारस मागायची तर दोन उन्हाळ्यांपूर्वी घेतलेल्यांकडे मागावी, आणि फोटो यंदाचा मागावा. आपला माणूस असण्याचा यात काय संबंध? आपल्या माणसाकडे बिल मागायला संकोच वाटतो, तेवढाच.

पैसे मिळाले का? नाही. झेलने स्वतः पाठवलेले पैसे परत आणणं जवळपास अशक्य. बँकेने तेच सांगितलं. क्रेडिट कार्ड असतं तर निदान व्यवहारावर हरकत घेता आली असती. या राज्यात रोपांचा धंदा करायला कृषी खात्याचा नर्सरी परवाना लागतो. तो त्याच्याकडे आहे का, हे विचारल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे फोटोंसकट तक्रार दिली आहे. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय दावा लावता येतो, रक्कम दहा हजार डॉलरच्या आत असली की झालं. पण त्यासाठी समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता हवा. आमच्याकडे फक्त फोन नंबर आहे. तुमच्यापैकी कोणाकडे त्याने दिलेली सही-शिक्क्याची पावती असेल तर कृपया मला कळवा.

निळी झाडं हवी असतील तर शेजाऱ्यांकडे मागा, खरंच. जून-जुलैत फूल न आलेली कोवळी फांदी वीतभर कापायची, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी छाटायची आणि ओलसर मातीत सावलीत खोचायची. महिनाभरात मुळं धरतात. शेजारच्या आजींनी आम्हाला त्यांच्या जुन्या झुडपाच्या हव्या तेवढ्या फांद्या नेऊ दिल्या. त्यांच्याकडचा निळा रंग आम्ही कित्येक वर्षं बघतोय, त्यामुळे तिथे फसायला वाव नाही.

आता ऐकते की तो यंदा ऱ्होडोडेंड्रॉन विकतो आहे, तेही फुललेले, तेही फुकट छाटणीसकट. ऱ्होडोडेंड्रॉनच्याही कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. घेणार असाल तर कुंडीतून झाड बाहेर काढून मुळं दाखवायला सांगा, फूल उलटं करून बघा, पैसे कार्डाने द्या, आणि सप्टेंबरमध्ये त्याला फाटकाच्या आत घेऊ नका.