नव्वद रुपयांचा 'जेफेट'

आमच्या भजनी मंडळाच्या वीणेला पिझो चकती (कंपनातून वीज तयार करणारी) चिकटवून आवाज अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा होता. पिझोच्या पुढच्या टप्प्याचा रोध एक मेगाओहम तरी लागतो, नाहीतर खालचे स्वर पातळ होतात, म्हणून पहिल्या टप्प्याला जेफेट, म्हणजे व्होल्टेजवर चालणारा, आत जवळपास करंट न घेणारा ट्रान्झिस्टर. साधे ट्रान्झिस्टर थोडेफार जमायला लागले होते, जेफेट मात्र नवाच. सोलापुरात नवी पेठेत एका दुकानात तोशिबाचा '२एसके१७०' हा जेफेट मिळाला. "ओरिजिनल आहे मालक, कालच नवीन माल आलाय." नव्वदला एक. दहा घेतले, तेही बिलाशिवाय.

तोशिबानं हा पार्ट केव्हाच बंद केलाय. कालचा माल येणार कुठून? हे मला नंतर कळलं.

चाचणीसुद्धा करून दाखवली त्यानं. मीटर डायोड तपासायच्या खुणेवर, लाल वायर मधल्या पायाला, काळी आधी या बाजूला, मग त्या. दोन्हीकडं ०.६८ व्होल्ट. "बघा, चालू आहे."

घरी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायची पाटी) जोडणी केली. ९ व्होल्टची बॅटरी, जेफेटमध्ये करंट ड्रेन आणि सोर्स या बाहेरच्या दोन पायांतून वाहतो, मधला गेट त्यावर ताबा ठेवतो. ड्रेनला २.२ किलोओहमचा रेझिस्टर. २ मिलिअँपिअर वाहिला तर ड्रेनवर ४.६ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले पूर्ण नऊ. सोर्सचा रेझिस्टर बदलला, पाय उलटे करून पाहिले, ब्रेडबोर्डही बदलला. दोन रविवार गेले. शिकाऊ माणसाला पार्टचा संशय येतच नाही, स्वतःचाच येतो.

शेवटी बाहेरचे दोन पाय ओहमवर मोजले. या जेफेटला तिथं शंभर ओहमच्या आतबाहेर दिसायला हवं, कारण गेटला काही न देताही त्याची वाट उघडी असते. इथं दोन्हीकडून काहीच नाही. मग मीटरच्या एचएफई खाचेत (साधा ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो ते मोजणारी) एनपीएन, म्हणजे साध्या ट्रान्झिस्टरचा एक प्रकार, म्हणून खोचला, तर आकडा ३१०! दोन-तीन रुपयांचा साधा ट्रान्झिस्टर. त्याचा बेस, म्हणजे ताबा ठेवणारा पायही मधेच, त्यामुळं डायोडच्या चाचणीत दोघं जुळे भाऊ. अन् बेसला करंट मिळाल्याशिवाय तो हलत नाही, म्हणून ते नऊ व्होल्ट. बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं घासलं, तर नंबर कापसावर उतरला आणि खाली पॉलिशपेपरचे ओरखडे.

दुकानदार म्हणाला, "सोल्डर लागलेला माल परत नाही मालक." ब्रेडबोर्डवर सोल्डर कुठला बे? पण बिल नाही, बोलणार काय.

तुम्ही घेणार असाल तर मीटर आपला न्या आणि बाहेरचे दोन पाय काउंटरवरच मोजा. याच गुणाचा खरा जेफेट हवा असेल तर लिनियर सिस्टिम्सचा एलएसके१७० मागवा. माझे दहाही डबीत आहेत. वर चिठ्ठी लावलीय: 'एनपीएन, नग नव्वद रुपये.'