लाकडी शेकच्या छपरासाठी ऑक्सिजन ब्लीच: पावडर चांगली, पण तिची हद्द ओळखून वापरा

‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत बहुतेक वेळा सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात पडलं की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतं. पेरॉक्साइड काळी बुरशी आणि हिरवट थर फिका करतं, सोडा मळ सोडवतो. शेक म्हणजे लाकूड फोडून काढलेल्या, छपरावर कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या फळ्या. सिडारच्या शेकसाठी आम्ही ही पावडर क्लोरीनच्या ब्लीचच्या कितीतरी वर ठेवतो. क्लोरीन लाकडाचे तंतू पिंजतं आणि खिळेही गंजवतं.

घेताना डब्यामागची यादी वाचा. सुवास, चकाकी देणारं द्रव्य किंवा भरपूर फेस असलेली कपड्यांची पावडर छपराच्या कामाची नाही. ‘तयार’ द्रावणाच्या बाटल्यांवर तर पैसे घालवूच नका. पाण्यात मिसळलेलं परकार्बोनेट काही तासांत मरतं. उरलेलं द्रावण झाकणबंद ठेवलं तर आत ऑक्सिजन साठून डबा फुटू शकतो. लागेल तेवढंच कालवायचं.

प्रमाण: एक लिटर कोमट पाण्याला साधारण 80 ग्रॅम. थंड पाण्यात दाणे नीट विरघळत नाहीत आणि पंपाच्या तोटीत अडकतात. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचा हातपंप, नायलॉनचा ब्रश घ्या. लोखंडी तारेचा ब्रश नको, कारण त्याचे तुकडे लाकडात राहतात आणि सिडारमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून निळसर काळे डाग पाडतात.

खरं काम फवारणीच्या आधीचं आहे. दोन शेकांच्या मधली फट 10 ते 16 मिलिमीटरची असते, आणि छपराचं पाणी तिच्यातूनच वाहतं. पानं, काड्या, शेवाळ तिथे दाटले की लाकूड दिवसेंदिवस ओलं राहतं, मग कडा कुजायला लागतात. शेवाळाच्या जाड गाद्यांवर पावडरचा मारा वरच्यावरच राहतो, मुळाशी जात नाही. म्हणून आधी बोथट प्लास्टिकच्या पट्टीने वरून खाली शेवाळ काढा, फटी मोकळ्या करा, पन्हळी उपसा. हे टाळून केलेली धुलाई म्हणजे पावडर वाया घालवणं.

ढगाळ दिवस निवडा. खालची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवा. वळचणीकडून आढ्याकडे फवारत जा, म्हणजे ओघळाचे पट्टे पडत नाहीत. 20 मिनिटं छप्पर ओलं राहिलंच पाहिजे, सुकत आलं तर पुन्हा शिंपडा. हलका ब्रश लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवा. धुणं मात्र आढ्याकडून खाली, बागेच्या साध्या नळीने. पाण्याचा झोत खालून वर मारला की शेकखाली घुसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर द्रावण सुकू देऊ नका, अल्कली त्याला खाते.

प्रेशर वॉशरबद्दल आमचं मत पक्कं आहे: नको. जोराचा झोत वर्षवलयांमधलं मऊ लाकूड खरवडून नेतो. त्या दिवशी छप्पर नव्यासारखं दिसतं, पण शेक पातळ झालेला असतो आणि खरखरीत पृष्ठभागावर शेवाळ आणखी घट्ट धरतं.

सोड्यामुळे धुतल्यावर लाकूड कधी कधी गडद दिसतं. खिळ्यांभोवतीचे काळे डागही या पावडरने जात नाहीत. दोन्हीवर ऑक्झॅलिक आम्ल, लिटरला साधारण 30 ग्रॅम, नीट धुतल्यानंतर वेगळं लावायचं आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवायचं. हे विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लागतोच. परकार्बोनेटमध्ये किंवा कुठल्याही ब्लीचमध्ये ते मिसळू नका.

ओला, सोडा लागलेला शेक साबणासारखा निसरडा असतो. आढ्याला अडकणारी शिडी आणि सुरक्षेचा दोर नसेल तर वर चढूच नका. कडक सुकलेल्या शेकवर चालायचंही टाळा, तो पायाखाली तडकतो.

पावडरचा मोठा उणेपणा म्हणजे ती राखण करत नाही. शेवाळ परतून येतं. छप्पर पूर्ण वाळल्यावर कॉपर नॅफ्थेनेटसारखं मुरणारं परिरक्षक लावा, मात्र पन्हळीचं पाणी प्यायला किंवा माशांच्या तळ्यात जात असेल तिथे नको. वार्निश किंवा रंगाचा थर तर अजिबातच नको, कारण त्याखाली ओल कोंडते. आढ्याजवळ जस्ताची पट्टी बसवली तर पावसाबरोबर उतरणारं जस्त तिच्या खालचा काही भाग शेवाळापासून राखतं.

फुटलेला शेक कुठलीच पावडर सांधत नाही. तो काढून नवा दोन्ही बाजूंना फट सोडून वर सरकवा, पण शेजारच्या शेकच्या रेषेपेक्षा अंदाजे 12 मिलिमीटर खाली राहू द्या. वरच्या शेकच्या खालच्या कडेला लागून दोन स्टेनलेस स्टीलचे खिळे तिरके ठोका. मग लाकडी ठोकळा धरून शेक रेषेत वर ठोका, खिळ्यांची डोकी आपोआप झाकली जातात.

छप्पर नुसतं करडं पडलं असेल तर हा डबा विकत घेऊ नका. करडेपणा उन्हाने येतो, त्याने लाकूड कुजत नाही, आणि धुतलेला सोनेरी रंगही काही महिन्यांत पुन्हा करडाच होतो.