वेगास गोल्डन नाइट्सचं अर्ध्या हंगामाचं तिकीट: एक मोसम वापरून झाल्यावर

लास वेगासला आइस हॉकीचं हंगामी तिकीट घ्यावं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. आम्ही दोघांनी मागच्या मोसमात गोल्डन नाइट्स या इथल्या हॉकी संघाचा अर्ध्या हंगामाचा प्लॅन घेतला. घरच्या मैदानावर ४१ सामने, त्यातले निम्मे आपले. जमेल तिथे जायचं, उरलेली तिकिटं पर्यटकांना विकायची. वर्षाला चार कोटींच्या आसपास माणसं या गावात येतात, गिऱ्हाइकाला काय तोटा!

तोटा नाहीच, पण कोणीही घेतं असंही नाही. स्ट्रिपवर, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, भटकायला आलेला, हॉकीशी देणंघेणं नसलेला माणूस क्वचितच येतो. त्याच्यासमोर रोज रात्री ढीगभर शो असतात, आणि संघ निम्मे सामने परगावी खेळतो. तो इथे असेल त्या तीन दिवसांत घरचा सामना असेलच असं नाही. तिकीट घेतो तो सुट्टीच आपल्या संघाच्या वेळापत्रकावर बेतणारा. कॅनडातल्या एडमंटनला पारा उणे वीसखाली गेला की तिथल्या मंडळींना आपल्या ऑइलर्स संघाचा सामना हे इथे यायला चांगलं निमित्त होतं. लॉस एंजेलिस किंग्जवाले तर गाडी काढून चार-पाच तासांत हजर. टोरंटोचा संघ मोसमात एकदाच येतो. त्या रात्री आमच्या रांगेत त्यांच्याच निळ्या जर्सी जास्त होत्या.

म्हणून वेळापत्रक जाहीर होताच विकायचे सामने ठरवून टाका. टोरंटो आणि शिकागोच्या तिकिटांनी आमचा बराच खर्च भरून काढला. कोलंबसविरुद्धचा मधल्या वारचा सामना मात्र मूळ किमतीलाही गेला नाही. वर विक्रीच्या ॲपची कात्री वेगळीच.

तरी सगळे हंगामी तिकीटवाले असेच विकत सुटले नाहीत, हे विशेष. २०२० साली इथे आलेल्या रेडर्स संघाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांना पाहुण्या संघाचे रंग कित्येकदा डोळ्यांत भरतात. नाइट्सचं तसं नाही, आणि माझ्या मते याचं मूळ २०१७ मध्ये आहे. शहराचा हा पहिला मोठा व्यावसायिक संघ. १ ऑक्टोबरला स्ट्रिपवर गोळीबार झाला आणि १० तारखेला यांचा घरचा पहिला सामना. तेव्हा मोजलेल्या ५८ मृतांसाठी ५८ क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच मोसमात संघ स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेला, २०२३ मध्ये कप जिंकलाच. आमच्या शेजारच्या जागा एका कसिनो डीलरच्या आहेत. रात्रपाळी बदलून घेतो, पण तिकीट विकत नाही.

बाकी किरकोळ. संघाचं घरचं मैदान, टी-मोबाइल अरीना, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलच्या मागे आहे. पार्किंगचा भाव ऐकून घाम फुटतो, तेव्हा लांब गाडी लावून चालत या. बाहेर कितीही ऊन असो, आत स्वेटर हवाच. नाशिकहून आलेल्या सासूबाई दुसऱ्या पिरियडपासून (सामन्याचे असे तीन भाग असतात) माझी शाल पांघरून बसल्या होत्या. सामन्याआधीचा सरदार-तलवारींचा खेळ त्यांना हॉकीपेक्षा जास्त आवडला. सात वाजता सुरू झालेला सामना साडेनऊ-पावणेदहाला आटोपतो, पाहुण्यांना नंतर स्ट्रिप दाखवता येते.

नुसती हॉकीच बघायची असेल तर शेजारच्या हेंडरसन गावात सिल्व्हर नाइट्स बघा: धाकटा संघ, छोटं मैदान, तिकीट स्वस्त, पर्यटक जवळजवळ नाहीत. आम्ही मात्र यंदाही मोठ्याच संघाचा प्लॅन घेतलाय, फक्त जागा वरच्या मजल्यावर बदलून. मैदानाभोवतीच्या काचेलगतच्या जागांचे दर कंपनीच्या खर्चाने आलेल्या पाहुण्यांनी चढवून ठेवलेत.