लहान साइटवरील बॉबकॅटला दुसरे अटॅचमेंट कोणते घ्यावे?

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत जेसीबी वळवायलाच जागा नसते. त्यामुळे बेळगावात जुने घर पाडून नवे बांधायचे असले, की साधारण दीड ते पावणेदोन मीटर रुंदीचा स्किड स्टिअर लोडर सोयीचा पडतो. तो कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला बॉबकॅटच म्हणतात. यंत्रासोबत बहुधा बकेट असतेच. प्रश्न पुढच्या अटॅचमेंटचा असतो, आणि माझ्या मते बहुतेक लहान ठेकेदारांनी ब्रेकरच्या (काँक्रीट, दगड फोडणाऱ्या हायड्रॉलिक हातोड्याच्या) मागे लागण्याऐवजी आधी फोर्क, म्हणजे माल खालून उचलणारे दोन लांब दात, घ्यावा.

निर्णय घेण्यापूर्वी यंत्राच्या कागदपत्रांतील दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा रेटेड क्षमतेचा. पुढे किती वजन आले म्हणजे यंत्राची मागची चाके उचलली जाऊ लागतात हे ठरवून, चाकांच्या लोडरसाठी त्याच्या निम्मे वजन सुरक्षित मानले जाते. दुसरा आकडा हायड्रॉलिक तेलाच्या प्रवाहाचा, म्हणजे मिनिटाला किती लिटर तेल पुढच्या कपलरपर्यंत (अटॅचमेंटच्या नळ्या जोडण्याच्या जागेपर्यंत) पोहोचते याचा. लहान यंत्रांत तो साधारण ६० ते ८० लिटर असतो. बकेट आणि फोर्क यांचे सारे गणित पहिल्या आकड्यावर अवलंबून असते, तर ब्रेकर आणि ऑगर (जमिनीत खड्डा पाडणारा फिरता स्क्रू) यांना दुसऱ्याशिवाय गत्यंतर नाही.

फोर्कला स्वतःचे हायड्रॉलिक काम नसल्यामुळे त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि सिमेंट, विटा, फरशी, सेंट्रिंगच्या प्लेटा असा रोजचा माल त्यावर हलतो. मात्र क्षमता ७०० किलो असेल तर ५० किलोची १४ पोती उचलता येतील, असा सरळ भागाकार करू नये. एक तर फोर्कवरचा माल बकेटमधल्या मालापेक्षा पुढे सरकलेला असतो, आणि पॅलेटचे (मालाखालच्या लाकडी चौकटीचे) वजनही त्यातच धरावे लागते. म्हणून मी अशा यंत्रावर १० पोत्यांपुढे जाऊ देत नाही. उतारावर त्याहूनही कमी, आणि माल नेताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर.

साधी बकेट की जबड्यासारखी उघडणारी फोर-इन-वन बकेट, हा प्रश्न पाडकाम किती करता यावर सुटतो. सळया बाहेर आलेले डबर साध्या बकेटमध्ये ठरत नाही, ते जबड्याने पकडता येते. शिवाय जबडा उघडून मागे येत भराव सपाट करता येतो. याची किंमत वजनात मोजावी लागते, कारण ही बकेट जड असते आणि तेवढा माल कमी येतो. नुसती वाळू-खडी भरणाऱ्याला तिची गरज नाही.

ब्रेकरचा मोह सर्वांनाच पडतो, कारण जुना स्लॅब आणि कोबा फोडताना त्याचे काम डोळ्यांना दिसते. पण लहान साइटवर तो महिन्यातून किती दिवस चालणार, हे प्रामाणिकपणे मोजावे; माझ्या अनुभवात आठ-दहा दिवसांपेक्षा कमी असेल तर भाड्याने आणणेच परवडते. मागे एका कामावर ड्रायव्हरने चौथऱ्याचे काळे दगड छिन्नीने उचकटून काढले. दगड निघाले, पण आठवडाभरातच छिन्नी हाताने हलवली तरी बुशमध्ये (छिन्नीभोवतीच्या धातूच्या कड्यात) खडखडू लागली, आणि पुढे बुश बदलावा लागला. ब्रेकर हा ठोकण्यासाठी आहे, उचकटण्यासाठी नाही. छिन्नी काटकोनात टेकवावी, एकाच जागी १५-२० सेकंदांपेक्षा जास्त ठोकू नये, खाली काही नसताना मोकळी चालवू नये, आणि ग्रीस भरताना ती जमिनीवर दाबून आत ढकललेली असावी, म्हणजे ग्रीस भलतीकडे जात नाही. या यंत्रात माणूस फोडकामाच्या अगदी जवळ बसतो. समोर भक्कम दरवाजा नसलेल्या बॉबकॅटवर ब्रेकर लावणे मला मान्य नाही.

ऑगरचा निर्णय यंत्रापेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून आहे, आणि आपल्या जिल्ह्यात जमीन तालुक्यागणिक बदलते. खानापूरकडचा जांभा उघडा पडून वाळला की कठीण होतो, पण आतला ताजा थर त्या मानाने मऊ असतो; वरचा पापुद्रा फुटला की कुंपणाच्या खांबांचे खड्डे चांगले निघतात. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात काम भराभर होते, पण पाऊस पडला की माती पात्यांना लिंपून बसते, आणि दर फुटाला ऑगर वर काढून उलटा फिरवत झाडावा लागतो. काळ्या मातीखाली मुरूम लागला तर खडकासाठीचे कार्बाइड दात लावावेत. अखंड काळवत्थर लागला तर थांबावे, कारण तिथे मोटर आणि ड्रायव्हर दोघेही व्यर्थ शिणतात. द्राक्षबागेचे किंवा कुंपणाचे शेकडो खांब सलग रोवायचे असतील तर ऑगर स्वतःचा असावा. घराच्या फुटिंगला (खांबाखालच्या पायाला) ऑगर उपयोगी नाही, कारण तो खड्डा चौकोनी आणि रुंद लागतो; काळ्या मातीतील अंडर-रीम पाइलसाठीही (तळाशी फुगीर असलेल्या खोल पाया-खांबांसाठीही) त्याची खोली पुरत नाही.

जुने अटॅचमेंट घेणार असाल तर आपले यंत्र सोबत नेऊन अटॅचमेंटची मागची प्लेट त्यावर बसवून पाहावी आणि लॉकच्या दोन्ही पिना खालच्या भोकांतून पूर्ण बाहेर आलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. ऑगरच्या मोटरला केस ड्रेनची (मोटरच्या आत झिरपलेले तेल परत टाकीत नेणारी) तिसरी बारीक नळी आहे का, आणि असल्यास आपल्या यंत्रावर तिची जोडणी आहे का, हे तिथेच विचारावे. ती न जोडता मोटर चालवली तर शाफ्टचे सील उडते. बुश, पिना, दात हे उद्यमबागेतील वर्कशॉपमध्ये करून मिळतात, पण सील मात्र मूळ मापाचेच आणावे आणि बदलताना जुने सील हातात धरून नव्याशी ताडून पाहावे.