लॉन मोवर चांगलं, पण वॉरंटी म्हणजे निव्वळ शोभेची

नागपुरात बेसा साईडला घर आहे, समोर थोडंसं लॉन, म्हणून मार्चमध्ये पेट्रोलवालं लॉन मोवर घेतलं. दोन-तीनदा मस्त चाललं, मग मे महिन्यात उन्हानं गवतच जळलं तर मशीन तशीच पडून, टाकीत पेट्रोल तसंच. जुलैत पावसानं गवत गुडघ्याएवढं झालं अन् ही बाई काही चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदा गेला राजेहो! स्पार्क प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोल वर येतच नव्हतं. फिल्टर साफ केला, नवीन पेट्रोल टाकलं, चोक दिला, तर दोन सेकंद भुर्र अन् बंद.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणे आधी बिल पाठवा, मग फोटो, मग व्हिडिओ, मग मशीन तुम्हीच आणून द्या. अकरा दिवसांनी उत्तर काय, तर जुन्या पेट्रोलनं कार्बुरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) तुंबला, हे वॉरंटीत येत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं हे मान्य, पण विकताना सांगायला काय झालं होतं? अट होती म्हणे, मॅन्युअलच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

शेवटी इतवारीतल्या एका स्कूटर मेकॅनिकनं कार्बुरेटर खोलला, जेटमधला (पेट्रोल जायच्या बारीक छिद्रातला) चिकट पिवळा गाळ दाखवला, हवा मारली, २५० रुपये. अर्ध्या तासात काम, त्यात चहाही आला.

मशीनला चार स्टार, सर्व्हिसला एक, तोही फोन उचलतात म्हणून. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार टाकली आहे. घेणार असाल तर महिनाभर बंद ठेवायच्या आधी टाकी रिकामी करा अन् इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.