नोकिया १०५: वादळासाठी घेतलेला फोन

आई-बाबा दापोली तालुक्यात समुद्राजवळ राहतात आणि हा फोन मी त्यांच्यासाठी एकाच कामाला घेतला, लाईट गेली तरी त्यांच्याशी बोलता यावं. २०२३ चं मॉडेल, टूजी, १००० एमएएचची बॅटरी, लाँच झालं तेव्हा किंमत १२९९ रुपये. एवढ्या पैशात याच्याहून उपयोगी वस्तू मला तरी दिसली नाही, पण नुसता फोन घेऊन निवांत होऊ नका.

आधी फोनबद्दल. लाईट गेली की स्मार्टफोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मान टाकतो, हा मात्र बेतानं बोललं तर चार-पाच दिवस खेचतो, शिवाय बॅटरी काढता येते म्हणजे दुसरी भरून डब्यात ठेवता येते. टॉर्च आहे, एफएम आहे. पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन वेड्यासारखं वागतं, इथे बटणं आहेत त्यामुळे बाबांना चष्मा नसतानाही नंबर लावता येतो. आणि २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला पॅनिक बटणाचा नियम आहे, कीपॅड फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरला कॉल, हे आईकडून पाठ करून घेतलंय. फोनला माझे साडेचार स्टार.

आता टॉवर. खरी गोची तिथेच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावांत लाईट यायला आठवडे लागले. टॉवर चालतो विजेवर, ती गेली की बॅटरीवर काही तास, मग जनरेटर, जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेलच्या गाडीला रस्ता लागतो, आणि रस्त्यात तर माड नि आंबे पडलेले! त्यात टॉवरला बाकी नेटवर्कशी जोडणारी फायबर केबल तुटली असेल तर टॉवरला वीज असूनही फुकट. आमच्या घरी तेव्हा फोन चार्ज होता, दांडीच नव्हती. खुशाली कळली ती वाडीतला एक जण रेंज शोधत पार लांब गेला आणि तिथून त्याने फोन केला तेव्हा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणलाही असंच, लोक माळ्यावर, छपरावर अडकलेले आणि नेटवर्क गेलेलं, बाहेरच्या नातेवाइकांनी तो दिवस कसा काढला असेल ते त्यांनाच माहीत.

म्हणून दोन सिमवालंच मॉडेल घ्या आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम टाका. त्यातही एक मेख आहे, बऱ्याचदा दोन कंपन्या एकाच टॉवरवर बसलेल्या असतात, तो बंद पडला की दोन्ही सिम एकदमच गेली, तेव्हा गावात विचारा कुठल्या कंपनीचा टॉवर कुठल्या डोंगरावर आहे ते. जिओचं सिम या फोनमध्ये चालणार नाही कारण जिओला टूजी नाहीच, घरात तेच असेल तर फोरजी कीपॅड फोन बघा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघायचा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर चालू असेल तर त्यावरून लागू शकतो.

आणि एसएमएस करा हो, लोक विसरलेतच! सगळे एकदम फोन लावायला लागले की कॉल लागत नाही, मेसेजला जागा फार थोडी लागते आणि समोरचा रेंजमध्ये नसेल तर तो कंपनीकडे थांबून पुन्हा पुन्हा पाठवला जातो. आम्ही ठरवलंय, वादळाचा इशारा आला की आई सकाळ-संध्याकाळ "बरे आहोत" एवढाच मेसेज टाकणार, बाकीचा वेळ फोन बंद ठेवणार.

चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबी पिन लागते, टाइप सीची केबल बसत नाही, तेव्हा पॉवर बँकेबरोबर तिची केबल पिशवीत आहे का ते मे महिन्यातच बघून ठेवा.