पोकलेनला मल्चर लावून सहा महिने : वेड्या बाभळीवरचा अनुभव

मशीन १४ टनी पोकलेन, त्यावर सव्वा मीटर रुंदीचा, घट्ट बसवलेल्या कार्बाइड दातांचा ड्रम मल्चर, म्हणजे दातेरी ड्रम फिरवून झाडंझुडपं जागीच दळणारं हत्यार. काम कालव्याच्या भरावावर आणि नाल्याकाठी: मुख्यतः वेडी बाभूळ, मधूनमधून घाणेरी आणि सुबाभूळ. निष्कर्ष आधीच सांगतो. हत्यार उत्तम आहे, पण ते टिकेल की नाही हे दातांपेक्षा तेलाच्या पाइपांवर ठरतं. घेणारा ड्रमची जाडी आणि दातांची संख्या बघतो. बघायला हवी ती तिसरी, बारीक लाइन.

ब्रेकरची (दगड फोडणाऱ्या हातोड्याची) तेलाची लाइन आधीच आहे, मग मल्चर नुसता जोडायचा, असं विकणारे सांगतात. ते अर्धंच खरं. ब्रेकरचं काम दोन पाइपांत भागतं. मल्चरचा ड्रम तेलाच्या दाबावर फिरवणाऱ्या पिस्टन मोटरला केस ड्रेनची, म्हणजे मोटरच्या आत झिरपलेलं तेल बाहेर नेणारी वेगळी लाइन लागते आणि ती थेट तेलाच्या टाकीत गेली पाहिजे. पाइप वाचवायला ती रिटर्नमध्ये (तेल परत नेणाऱ्या मुख्य पाइपात) जोडली, की रिटर्नचा दाब मोटरच्या पोटात चढतो आणि शाफ्टचं सील फुटतं. या लाइनवर गेज लावून बघा, काटा दोन-तीन बारच्या पुढे जाता कामा नये. याहून जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे केस ड्रेनचा कपलर (पाइप जोडायचा खटका) अर्धवट बसणं. वरून जोडलेला दिसतो, आतला व्हॉल्व्ह बंदच असतो. तेलाला वाट नाही, आणि ड्रम फिरायला लागताच सील जातं. सील गळतंय हे लवकर ओळखायचं तर मोटरच्या झाकणाखाली बोट फिरवा. कोरडा भुसा लागला तर ठीक, काळा ओला लगदा लागला तर काम तिथेच थांबवा.

ड्रम जड असतो, पेडल सोडल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. त्या वेळात मोटर पंपासारखी तेल ओढते. तेल परत फिरवणारा अँटी-कॅव्हिटेशन व्हॉल्व्ह नसेल तर मोटर आतून खरवडली जाते. खरेदीच्या वेळी हा प्रश्न नक्की विचारा.

आता ताकद. मिनिटाला १२० लिटर तेल २५० बार दाबाने गेलं तर साधारण ५० किलोवॅट मिळतात. या वजनाच्या पोकलेनचं इंजिन ७० किलोवॅटच्या आसपासचं, म्हणजे बहुतेक ताकद ड्रमच खातो. म्हणून बूम, स्विंग आणि ड्रम एकदम जोरात चालवायला गेलं की ड्रमचा वेग पडतो. मल्चर वेगाने कापतो, वजनाने नाही. ४० सेंटिमीटरचा ड्रम मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा दाताच्या टोकाचा वेग ताशी दीडशे किलोमीटर होतो. आवाज जड झाला की लगेच उचलायचं, ड्रमला पुन्हा पूर्ण वेग येऊ द्यायचा, मग परत टेकवायचं. नवा ऑपरेटर बकेटच्या सवयीने दाबत राहतो. त्याने झाड तुटत नाही, तेल मात्र तापतं.

मनगटाएवढी झाडं शेंड्यापासून थेट खाली आणायची. मांडीएवढा बुंधा असेल तर आधी फांद्या, मग खोड वरून थराथराने. ड्रम जमिनीत घुसवू नका. मुरूम आणि काळा दगड दातांची कड तासाभरात गोल करतो. दात बोथट झाल्याचं ढलप्या सांगतात: धारेत असताना बोटाएवढे तुटक तुकडे पडतात, बोथट झाल्यावर सालीचे लांब दोरे निघतात. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस बारीक पूड दिसली तर दात सैल झालाय, टॉर्क रेंचने आवळा. एक दात बदलला तर समोरचाही बदला, नाहीतर ड्रमचा तोल जातो आणि आधी बेअरिंग, मग आर्मचे पिन-बुश संपतात.

शेताकडेला सगळ्यांत वाईट शत्रू म्हणजे जुनी काटेरी तार आणि टाकून दिलेल्या ठिबकच्या नळ्या. नळी ड्रमच्या टोकाला गुंडाळली जाते, वितळते आणि बेअरिंगच्या सीलमध्ये शिरते. आधी चालत जाऊन जागा बघणं सक्तीचं. पक्ष्यांची घरटी आणि बिळंही तेव्हाच दिसतात.

उन्हाळ्यात तेलाचा काटा ८० अंशांच्या वर राहू लागला, तर पंपाला दोष देण्याआधी रेडिएटर बघा. बाभळीची बारीक पानं जाळीवर गादीसारखी बसतात. दर दोन तासांनी आतून बाहेर हवा मारा. इंजिनभोवतीचा सुका भुसा पेट घेतो, म्हणून अग्निशामक सिलिंडर केबिनमध्येच हवा.

समोरची साधी काच चालणार नाही, किमान १२ मिमीची पॉलीकार्बोनेट लागते. १०० मीटरच्या आत माणूस किंवा जनावर नको. हेल्परला हे रोज सांगावं लागतं. साग, आंबा, मोह, जांभूळ, खैर यांसारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यांना आधी चुन्याचा पट्टा मारा, कारण मल्चरपुढे चूक दुरुस्त होत नाही.

खरी मर्यादा वेगळीच. वेडी बाभूळ याने मरत नाही. तिचे डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, जमिनीखाली, बुंध्याच्या गाठीत असतात. पाऊस पडला की धुमारे येतात. सपाट रानात दोन-तीन फुटांचा खुंट राखून वरचं सगळं दळायचं, पूर्ण पट्टा संपला की बकेट लावून खुंट गाठीसकट उपटायचे. सगळं जमिनीलगत कापून ठेवलं तर बकेटला धरायला काही उरत नाही. कालव्याच्या भरावावर उपटता येत नाही, माती सैल होते. तिथे पावसाळ्यानंतर धुमारे अंगठ्याएवढे असतानाच दुसरी फेरी मारायची, आणि ही फेरी पहिल्या दरातच ठरवून घ्यायची. पहिली फेरी उन्हाळ्यात, शेंगा पिकून गळण्याआधी उरकली तर उत्तम. उरलेला भुगा पेरणीच्या रानात नांगरून गाडू नका, कुजताना तो पिकाचं नत्र ओढतो. वर पसरू द्या, ओल धरून ठेवतो.